कापडाची सावली

श्रोतेहो, वैशाखातली दुपार तुम्हांला नव्याने सांगावयास नको. अंगणात पाय ठेववत नाही, कावळासुद्धा चोच उघडी टाकून आडोशाला बसतो, आणि पत्र्याच्या घरात तर आपण माणसे आहोत की तव्यावरच्या भाकऱ्या, असा प्रश्न पडतो. अशाच एका दुपारी मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात आमच्या एका शिक्षक मित्राकडे गेलो होतो. मास्तरांनी नवे घर बांधलेले. वर पत्रा, पश्चिमेला मोठी खिडकी, खिडकीला आतून जाड फुलाफुलांचा पडदा. मास्तर म्हणाले, "पडदा मुद्दाम जाड घेतलाय, तरी खोली तापतेच बघा."

त्यांची आई शेजारच्या खोलीत राहत असे. त्या खोलीलाही पश्चिमेचीच खिडकी. पण आत शिरताच जीव जरा निवला. मी बाहेर जाऊन पाहिले. म्हातारीने आपले एक जुनेर खिडकीच्या बाहेरून, भिंतीपासून हातभर अंतरावर, दोन काठ्यांना बांधून सोडले होते. मी विचारले, "आजी, पडदा बाहेरून का बांधलात?" त्या म्हणाल्या, "अवो, चोराला घरात घिऊन मग दार लावायचं व्हय? त्याला बाहीरच थोपवावं."

आजच्या भाषणाचा सगळा विषय ह्या एका वाक्यात आला. ऊन हा असा चोर आहे की तो एकदा घरात शिरला की तुमचा पडदा, तुमची भिंत, तुमची गादी तापवून तिथेच मुक्काम ठोकतो. आतला पडदा उन्हाचा उजेड अडवतो, पण त्याची धग पडद्यात उतरलेली असते, आणि पडदा ती खोलीतच सोडतो. बाहेरचे कापडही तापते; मात्र त्याची धग बाहेरचा वारा घेऊन जातो. फरक एवढाच, पण तो फार मोठा फरक आहे. म्हातारीने तो कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. तिच्या आधी हजारो वर्षे माणसे कापड ताणून उन्हाशी भांडत आली आहेत, आणि त्या भांडणाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. तोच आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम आपल्या घरापासूनच सुरुवात करू. संस्कृतातला अमरकोश अनेक जुन्या शिक्षकांना पाठ असे. त्यात वर ताणलेल्या कापडी छताला 'वितान' आणि 'उल्लोच' असे दोन शब्द दिले आहेत, आणि तंबूला 'वस्त्रवेश्म' असा फार सुंदर शब्द आहे. वस्त्रवेश्म म्हणजे कापडाचे घर. ज्या वस्तूला भाषेत दोन-दोन, तीन-तीन नावे असतात, ती वस्तू रोजच्या वापरातली असते, हे शिक्षकबंधूंना सांगावयास नको. अजिंठ्याला जाल तेव्हा भिंतींवरची चित्रे पाहून झाली की मान जरा वर करा. तिथल्या काही लेण्यांच्या छतांवरची नक्षी पाहिली की वर रंगीत कापड ताणले आहे असेच वाटते. डोंगराच्या पोटात, जिथे ऊन कधी येणार नाही, तिथेही आपल्या लोकांना डोक्यावर कापडी छत असल्याशिवाय बरे वाटले नसावे!

आता जरा दूर जाऊ, रोम शहरात. तिथला उन्हाळाही कडक. शहराच्या मध्यभागी एक मोठा उघडा चौक होता, त्याला फोरम म्हणत. कोर्टकचेऱ्या, सभा, बाजार, सगळे तिथेच. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात केटो नावाचा एक करडा अधिकारी होऊन गेला. त्याचे म्हणणे असे की, लोकांनी चौकात रेंगाळू नये म्हणून तिथे टोकदार दगड अंथरावेत. सावली तर सोडाच, पायाखालीही सुख नको! अशी माणसे प्रत्येक काळात असतात.

पण काळ बदलला. इ. स. पूर्व ६९ मध्ये कॅटुलस नावाच्या एका पुढाऱ्याने मोठ्या देवळाच्या समारंभात नाटक पाहणाऱ्यांच्या डोक्यावर तागाच्या जातीचे, म्हणजे जवसाच्या धाग्याचे कापड ताणले. लोक चकित झाले. पुढे जूलियस सीझरने तर कमालच केली. त्याने सबंध फोरमवर आणि आपल्या घरापासून टेकडीच्या चढापर्यंतच्या रस्त्यावर कापड ताणले. त्या वेळी मल्लांच्या झुंजींचा खेळ होता. पण लोकांना त्या झुंजींपेक्षा डोक्यावरच्या कापडाचेच नवल अधिक वाटले, असे प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती मला ह्या सगळ्यांत मोलाची वाटते. इ. स. पूर्व २३ मध्ये मार्सेलस नावाचा एक तरुण त्या शहराच्या व्यवस्थेचा अधिकारी झाला. बादशहा ऑगस्टसचा तो भाचा. त्याने १ ऑगस्टपासून फोरमवर छत घातले. त्या वेळी ना नाटक होते, ना झुंज, ना उत्सव. मग कापड कशाला? तर कज्जेदलालीसाठी जे सामान्य लोक चौकात तासन्‌तास उभे राहत, त्यांच्या प्रकृतीला ऊन बाधू नये म्हणून. तो तरुण त्याच वर्षी वारला. विशीसुद्धा त्याने नीट पाहिली नाही. पण तमाशासाठी नव्हे, तर लोकांच्या आरोग्यासाठी सार्वजनिक जागी सावली करणाऱ्यांत त्याचे नाव इतिहासात राहिले.

हाच प्लिनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. श्रीमंत रोमन आपल्या घरातल्या चौकावर तांबडे कापड ताणीत, ते चौकातल्या शेवाळाला ऊन लागू नये म्हणून! शेवाळाची केवढी ही काळजी! त्याच घरातले गुलाम बाहेर उन्हात राबत असतील, त्यांच्या डोक्यावर काय होते, हे मात्र प्लिनीने लिहिलेले नाही.

पुढे इ. स. ८० मध्ये रोमचे प्रचंड लंबवर्तुळाकार क्रीडागृह, कोलोसियम, सुरू झाले. त्याच्या माथ्यावर चहूबाजूंनी खांब रोवण्यासाठी २४० दगडी टेकू होते. त्या खांबांना दोर बांधून प्रेक्षकांवर छत ताणीत. हे काम साध्या मजुरांना जमणारे नव्हते. म्हणून त्यासाठी आरमारातले खलाशी आणीत, कारण दोर, शीड आणि वारा ह्या तिघांची सोयरीक खलाशांनाच ठाऊक. कोकणातल्या श्रोत्यांना हे लगेच पटेल. मोठे कापड वाऱ्यात धरणे म्हणजे शीडच धरणे.

ज्वालामुखीच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडले गेलेले पाँपेई शहर पुढे उकरून काढले, तेव्हा तिथल्या भिंतींवर खेळांच्या जाहिराती रंगवलेल्या सापडल्या. त्यांत कोण लढणार, किती जोड्या, हे असेच. पण शेवटी मुद्दाम लिहिलेले असे की प्रेक्षकांवर छत घातले जाईल. आपल्याकडे जत्रेच्या हँडबिलावर 'बसण्याची उत्तम सोय' असे छापतात, तसेच. सावलीचे आश्वासन दिले की माणसे येतात, हे दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होते. आणि ह्याची उलटी बाजूही होती. कॅलिग्युला नावाचा एक लहरी बादशहा ऐन उन्हाच्या वेळी छत काढून घ्यायला लावी आणि कोणालाही बाहेर जाऊ देत नसे, असे त्याचा चरित्रकार सांगतो. एक अधिकारी लोकांसाठी कापड ताणतो आणि दुसरा ते ओढून घेतो. श्रोतेहो, सावली ही नुसती हवापाण्याची बाब नाही. कोणाच्या डोक्यावर ती आहे आणि कोणाच्या नाही, हे राज्यकर्त्याच्या मनावरही ठरते.

आता पुन्हा हिंदुस्थानात येऊ. अकबर बादशहाचा प्रधान मित्र अबुल फजल ह्याने 'ऐन-इ-अकबरी'त बादशाही फरासखान्याचे वर्णन केले आहे. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, शामियाने, जाजमे ह्यांचे खाते. त्यातला 'बारगाह' नावाचा मोठा मंडप दहा हजारांहून अधिक माणसांना पुरे, आणि तो उभा करायला एक हजार फरास एक आठवडा खपत. पुण्यात फरासखाना ठाऊक नाही असा माणूस नाही. आज ते नाव पोलीस चौकीला चिकटलेले आहे, पण ते मुळात ह्या तंबूंच्या खात्याचे नाव. शामियाना, कनात, डेरा हे शब्द आपण असे वापरतो की जणू आपल्या आजीनेच ते बनवले.

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जी भेट झाली, ती शामियान्यातच झाली, हे प्रत्येक शाळकरी पोराला पाठ आहे. राजे लोकांचे राजकारण पुष्कळदा कापडाच्या छताखालीच चाले. श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान १७९९ मध्ये पडला, तेव्हा त्याचा छापील चिटाचा सुंदर तंबू इंग्रजांच्या हाती लागला. तो आज वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात आहे. तिथल्या घराण्याने तो बागेतल्या मेजवान्यांना वापरला. ज्या कापडाखाली एका राजाने सावली घेतली, त्याच्याखाली परक्यांनी फराळ केला. कापडालाही दैव असते म्हणतात ते असे.

अबुल फजलाने आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती आपल्या जास्त कामाची. हिंदुस्थानातल्या उष्म्याला लोक नावे ठेवीत; तेव्हा बादशहाच्या हुकमाने बांबूच्या चौकटींत वाळा भरून खोल्या करू लागले. वाळ्यावर पाणी शिंपडले की उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असे तो म्हणतो. तेच आपले वाळ्याचे पडदे. पुढे साहेबाच्या बंगल्यांतून, कचेऱ्यांतून ते दारोदार लटकले, आणि त्यांवर पाणी मारायला एक गरीब माणूस दिवसभर उन्हात उभा राहिला.

ह्यातले शास्त्र सोपे आहे. एक लिटर पाणी वाळून हवेत जाताना जेवढी उष्णता ओढून घेते, तेवढ्या उष्णतेत जवळ जवळ पावणेसहा लिटर बर्फगार पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता आत येणाऱ्या वाऱ्यातून जाते, म्हणून वारा गार लागतो. पण लक्षात ठेवा, ही युक्ती खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा अशा कोरड्या हवेच्या मुलखातच चालते. कोकणात हवाच आधी ओली. तिथे ओला पडदा टांगला तर गारव्याऐवजी घामच वाढेल. कोकणाला सावली हवी आणि वारा हवा, पाणी नको.

हे झाले राजेरजवाड्यांचे. पण गरिबाचे कापड कोणत्या बखरीत आले? आठवड्याच्या बाजारात चार काठ्यांवर चवाळे ताणून बसणारी भाजीवाली, गावाबाहेर पाल ठोकून राहणारे भटके, उसाच्या फडावर झोळीतल्या तान्ह्या पोरावर पदर टाकणारी आई, ह्यांचीही ती वस्त्रवेश्मेच. मेंढपाळाची घोंगडी पावसात खोळ होते, थंडीत पांघरूण होते, आणि दुपारी दोन काठ्यांवर टाकली की छप्पर होते. आषाढीच्या वाटेवर पालखीतळावर राहुट्यांचे गावच्या गाव उभे राहते आणि सकाळी गुंडाळले जाते. आणि लग्नाचा मांडव? माणसे कितीही गरीब असोत, सोयऱ्याधायऱ्यांना उन्हात बसवीत नाहीत. मांडव घालणे म्हणजे पाहुण्याच्या डोक्याची काळजी घेणे, हा आपला जुना धर्म.

दुसऱ्या देशांतही सामान्य माणसाने हेच केले. स्पेन देशात सेव्हिल नावाचे शहर आहे. तिथे उन्हाळा आला की बाजारपेठेच्या अरुंद गल्ल्यांवर, ह्या माडीपासून त्या माडीपर्यंत, पांढरी कापडे ताणतात. सगळी गल्लीच एक ओसरी होऊन जाते. जुन्या पेकिंग शहरात चौकाच्या घरांवर उन्हाळ्यापुरता बोरूच्या चटयांचा मांडव घालीत. तो घराच्या पाखांपेक्षाही उंच असे, म्हणजे खालून वारा मोकळा खेळे. आणि चटया दोरीने गुंडाळता येत, म्हणजे रात्री आकाश मोकळे. उन्हाळा संपला की मांडववाले येऊन सगळे उतरवून नेत. दिवसा झाका, रात्री उघडा, आणि मध्ये वाऱ्याला वाट ठेवा. एवढे तीन नियम जगातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी आपापल्या ठिकाणी शोधून काढलेले दिसतात.

मग आपल्या खेड्यांत हा प्रश्न आजच एवढा का पेटला? त्याचे एक कारण तुमच्या डोक्यावरच आहे. पूर्वी मराठवाड्यात माळवदाची घरे असत, खानदेश-वऱ्हाडाकडे धाब्याची. लाकडावर मातीचा जाड थर. ऊन तो थर तापवीपर्यंत संध्याकाळ होई. पण माळवदाला दर वर्षी माती लागते, लाकूड लागते, ते गळते, त्यात विंचूकाटा होतो. तिकडे १८२९ मध्ये लंडनच्या पामर नावाच्या इंजिनियराने वळ्यांच्या लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. पुढे १८३७ मध्ये सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने लोखंडावर जस्त चढवण्याचे पेटंट घेतले, आणि पत्रा गंजेना. हा पत्रा जगभर पसरला, तसा आपल्या गावातही आला. हलका, टिकाऊ, न गळणारा. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात त्याने लाखो घरे कोरडी ठेवली. पण उन्हाळ्यात तो शत्रूला फितूर होतो.

हिशेब करून पाहा. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक हजार वॅट उष्णता पडते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीचे छप्पर सुमारे नऊ चौरस मीटर. म्हणजे एक-एक हजार वॅटच्या नऊ विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेवल्यासारखे झाले. नवा चकचकीत पत्रा त्यांतली बरीच परतवतो. जुना, मळलेला, गंजलेला पत्रा पुष्कळशी पिऊन टाकतो आणि खाली खोलीत ओततो.

आता त्या हिरव्या जाळीकडे वळू. आपण तिला शेडनेट म्हणतो. ही जाळी माणसासाठी जन्मलीच नाही. ती झाडासाठी जन्मली. अमेरिकेतल्या कनेक्टिकट संस्थानात विडीसारखी मोठी चिरूट वळतात त्यांवर गुंडाळायला तंबाखूचे पातळ, मऊ पान लागे. असे पान सुमात्रा बेटाच्या ढगाळ, दमट हवेत होई. कनेक्टिकटच्या लोकांनी १९०० साली शेतावर खांब रोवून वर विरळ सुती कापड ताणले आणि सुमात्राची हवा आपल्या शेतात आणली. पान पातळ आले. पण सुती कापड उन्हापावसाने कुजे, आणि पुन्हा नवे घालावे लागे.

पुढची पायरी रसायनशास्त्राने घातली. पॉलिथिन हा पदार्थ १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत जवळ जवळ अपघातानेच सापडला. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर ह्या शास्त्रज्ञाने तोच पदार्थ कमी दाबात, अधिक कणखर करण्याची रीत काढली. त्या कामाबद्दल त्याला १९६३ चे नोबेल पारितोषिक इटलीच्या नाट्टा ह्यांच्याबरोबर मिळाले. ह्या कणखर पॉलिथिनच्या पट्ट्या विणून जाळी करतात. उन्हाने ती लवकर कडक होऊन तुटू नये म्हणून त्यात औषध मिसळतात. जाळी पस्तीस, पन्नास, पंच्याहत्तर, नव्वद टक्के अशी मिळते. तो आकडा ती किती ऊन अडवते त्याचा. ती कुजत नाही, पाऊस तिच्यातून खाली जातो, आणि वारा काही अंशी आरपार जातो म्हणून ती शिडासारखी फुगून खांब उपटत नाही.

महाराष्ट्रात ती मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकांत आली, ढोबळ्या मिरचीच्या शेतांवर आली. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले, त्यातून शेडनेटला सरकारी मदतही मिळू लागली. फार चांगले झाले. पण मला त्या रोमन शेवाळाची आठवण होते. आपण ढोबळ्या मिरचीवर पन्नास टक्क्यांची सावली घालतो, आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीत बाळंतीण आणि तिचे तान्हे उकडून निघते. रोपाला ऊन सोसवत नाही हे आपल्याला कळते, कारण रोप मान टाकते. माणूस मात्र मान टाकीपर्यंत आपण म्हणतो, "उन्हाळाच आहे, चालायचंच."

श्रोतेहो, हे मी उगाच गंभीर होऊन बोलत नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्म्याची मोठी लाट आली, शेकडो माणसे दगावली, आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उन्हाळ्यासाठी वेगळी योजना आखली. आणि आपल्या महाराष्ट्रात १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे एक मोठा सरकारी समारंभ झाला. लाखो माणसे मोठ्या भक्तीने आली होती. ती उघड्या मैदानात तासन्‌तास उन्हात बसली. त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. उष्माघाताने चौदा माणसे गेली. सोयऱ्याला उन्हात बसवू नये हा ज्यांचा घरचा धर्म, त्या आपल्या मुलखात हे घडले. मार्सेलसला जे दोन हजार वर्षांपूर्वी सुचले, ते आपल्याला सुचले नाही, एवढेच मी म्हणतो. कोणाकडे बोट दाखवून ते चौदा जण परत येणार नाहीत. पण पुढच्या वर्षी आपल्या गावच्या सभेत, शाळेच्या संमेलनात, पाणवठ्याच्या रांगेत कापड ताणता येईल.

आता घरापुरते बोलू. तुमच्या हातांत थोडे कापड किंवा थोडी जाळी आहे, तर ती कुठे लावाल?

पहिली जागा छपराची. आपला मुलूख असा आहे की मे महिन्यात सूर्य खरोखरच डोक्यावर येतो. कोल्हापूरकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपूरकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी येते की उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशीच लपते. म्हणून त्या दिवसांत भिंतीपेक्षा छप्पर अधिक भाजते. जाळी पत्र्यावर अंथरू नका. अंथरलेली जाळी पत्र्याबरोबर तापते आणि पत्र्यालाच धग देते. पत्र्यापासून निदान हातभर वर, बांबूंवर ताणा, म्हणजे मधून वारा वाहील.

दुसरी जागा पश्चिमेची. दुपारी चारनंतर सूर्य खाली उतरतो आणि ऊन आडवे येते. आडव्या उन्हापुढे वरचा छज्जा हतबल असतो. तिथे उभा पडदाच हवा, आणि तो खिडकीच्या बाहेर, आजींच्या जुनेरासारखा. सकाळी पूर्वेकडेही तेच. तिसरी जागा अंगणाची, गोठ्याची आणि पाण्याच्या रांजणाची. अंगण तापले नाही तर घरात येणारा वाराही कमी भाजतो. संध्याकाळी पडदे गुंडाळा, म्हणजे घराला रात्रीचा गारवा घेता येईल.

रंग पांढरा किंवा फिकट असला तर बरे, कारण तो ऊन परतवतो. पण पांढऱ्यासाठी अडून बसू नका. जुनेर असेल तर जुनेर, गोणपाट असेल तर गोणपाट. दोन सावधगिऱ्या मात्र पाळा. प्लॅस्टिकची जाळी आगीला घाबरते, म्हणून ती चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवा. आणि वळिवाचे वारे सुटले की छत उतरवा; दोराला सुरगाठ मारा, म्हणजे एका झटक्यात सुटेल. जाळी जुनी होऊन तिचे धागे झडू लागले की ती रानात फेकू नका आणि पेटवूही नका. तिचे तुकडे मातीत आणि जनावरांच्या पोटात जातात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेत एक छोटा प्रयोग करा. एकाच मापाचे तीन पत्र्याचे डबे घ्या, तिन्हींत सारखे पाणी घाला आणि उन्हात ठेवा. एक उघडा राहू द्या. दुसऱ्याला कापड अंगाबरोबर गुंडाळा. तिसऱ्यावर तेच कापड वीतभर उंच ताणा. तासाभराने मुलांना पाण्यात बोट घालून पाहू द्या. थर्मामीटर असेल तर आकडे फळ्यावर लिहा. आणि मेच्या सुटीत गावातच असलेल्या मुलांना सांगा, रोज दुपारी अंगणातल्या काठीची सावली मोजा. ज्या दिवशी सावली नाहीशी होईल, तो दिवस वहीत टिपून ठेवा. अमरकोशातले वितान, रोमचे छत आणि शेतातली जाळी ही एकाच धड्याची तीन पाने आहेत, हे मुलांना आपोआप कळेल.

शेवटी पुन्हा त्या मास्तरांच्या घरी जाऊ. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा आजी नव्हत्या. माघात त्या गेल्या होत्या. मास्तरांच्या खोलीत आतला फुलाफुलांचा पडदा तसाच होता. पण खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून हातभर अंतरावर, दोन काठ्यांना एक जुनेर बांधलेले होते, आणि पत्र्यावर बांबूंच्या चौकटीत हिरवी जाळी ताणलेली होती. मास्तर काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. सूनबाईंनी माठातले पाणी आणून दिले. खोलीत बसवत होते. दुपारचे तीन वाजले होते, आणि चोर बाहेरच थांबला होता.